भाड्यातील चुका पकडणाऱ्या हमालांच्या टोळीला बक्षीस: आमच्या गोदामातील अनुभव

बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, लिहिलेले वजन खोटे आहे हे आमच्या गोदामात सर्वांत आधी हमालाला कळते आणि सर्वांत शेवटी मला. भिवंडीजवळ काल्हेर येथे एका मध्यम आकाराच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिलिंगचे काम पाहतो. माझ्यापुढे येतो तो कागद. ज्याच्या पाठीवर खोके असते त्याला कागद न वाचताही फरक समजतो. ही साधी गोष्ट उमगायला मला बरीच वर्षे लागली आणि तिच्यावर बक्षिसाची योजना उभी करायला त्यानंतर जवळजवळ एक वर्ष गेले.

सुरुवात झाली ती दिव्यांच्या शेड्सच्या २० खोक्यांपासून. नागपूरला जाणारा माल, एका खोक्याचे वजन १४ किलो, म्हणून बुकिंग क्लार्कने २८० किलो लिहून किलोला ७ रुपये दराने १,९६० रुपये भाडे लावले होते. गाडी भरताना मुकादम सहज म्हणाला, "साहेब, हा माल हलका आहे, पण अर्धी गाडी ह्यानेच खाल्ली." मी टेप मागवला. खोके ९० बाय ६० बाय ५० सेंटीमीटरचे निघाले. हलका पण जागा खाणारा माल आम्ही आकारमानावरून आकारतो. आमच्या धंद्याच्या ढोबळ हिशेबात या तीन मापांचा गुणाकार २७,००० ने भागला की घनफूट मिळतात, म्हणजे येथे १०. आणि त्या पार्टीच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकाच्या, करारात घनफुटाला ८ किलो धरायचे ठरले होते. म्हणजे एका खोक्याचे आकारणीचे वजन ८० किलो, एकूण १,६०० किलो आणि भाडे ११,२०० रुपये. एका बिल्टीत ९,२४० रुपयांचा फरक होता, आणि तीच पार्टी दर आठवड्याला माल पाठवत होती.

शेठना मी सुचवले की अशा चुका पकडणाऱ्याला वसूल झालेल्या फरकाचा ५ टक्के वाटा द्यावा. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: कामाचे पैसे देतोच, मग पुन्हा बक्षीस कशाचे? मी सांगितले की टोळीचे काम माल चढवणे-उतरवणे हे आहे, बिल्टी तपासणे नव्हे. शिवाय वजनाची चूक भाड्यापुरतीच राहत नाही. दोन आसांच्या ट्रकला २०१८ पासून गाडी आणि माल मिळून एकूण १८.५ टनांची मर्यादा आहे. हार्डवेअरच्या खोक्यांवर कमी वजन लिहून आले आणि गाडी ओव्हरलोड निघाली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. दंडाचा आकडा ऐकल्यावर शेठ तयार झाले.

पहिल्या दोन महिन्यांत योजना जवळपास कोसळली. बक्षीस व्यक्तीला होते, त्यामुळे एकाच खोक्यावर तिघांनी हक्क सांगितला. बारा-बारा वर्षे एकाच टोळीत काम करणारी, सातारा-सांगलीकडच्या शेजारच्या गावांतली ही माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. जो तो हलक्या आणि मोठ्या खोक्यांमागे टेप घेऊन फिरू लागला आणि संध्याकाळी सातला सुटणारी गाडी नऊला सुटू लागली. बुकिंग क्लार्कना वाटू लागले की आपल्या मागे हेर लावले आहेत. त्यातच माझ्या लक्षात आले की एका क्लार्कच्या चुका नेमक्या एकाच हमालाला सापडत होत्या. दोघांत काही ठरले होते की नाही हे मी सिद्ध करू शकलो नाही आणि तसा प्रयत्नही केला नाही. पण चूक मुद्दाम करून तिचे बक्षीस वाटून घेण्याची वाट माझ्याच नियमाने मोकळी ठेवली होती, हे मला मान्य करावे लागले.

वसुलीतही अडचण आली. महिनाभराने फरकाचे सप्लिमेंटरी (पुरवणी) बिल गेले की पार्टी हात वर करीत असे. एका पत्रात मी २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याचा हवाला दिला, कारण माल पाठवताना दिलेल्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी त्या कायद्याने पाठवणाऱ्यावर टाकली आहे. समोरच्या व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले, "मोजले तेव्हाचा फोटो आहे का?" फोटो नव्हता. ते बिल आम्ही सोडून दिले.

योजनेला खरे वळण मिळाले ते मात्र उलट्या चुकीने. मोरबीच्या टाइल्सची खोकी पार्टीच्या टेम्पोतून उतरत होती आणि मोजणी ओरडून सांगितली जात होती. शेवटचा आकडा आला शेहेचाळीस. आपल्या भाषेत एकम आधी उच्चारला जातो. घाईत असलेल्या क्लार्कने सहा ऐकून आधी ६ लिहिला, मग ४, आणि बिल्टीवर ६४ नग झाले. २८ किलोच्या हिशेबाने १,२८८ ऐवजी १,७९२ किलो. रात्री मोठ्या गाडीत माल भरताना मुकादमाने पुन्हा नग मोजले आणि माझ्याकडे आला.

"साहेब, ह्याचं काय मिळतं?"

मी म्हणालो, काही नाही, यात कंपनीचे भाडे वाढत नाही, उलट कमी होते.

"मग गप बसलो असतो तर चाललं असतं?"

चालले नसतेच. माल पोहोचल्यावर घेणाऱ्याने ४६ नगांवर सही केली असती, आमच्याच बिल्टीनुसार १८ नग कमी भरले असते आणि नुकसानभरपाईचा दावा आला असता. दावा झाला नसता तरी ५०४ किलोंचे जास्तीचे भाडे घेतल्याचे कधीतरी उघड झालेच असते, आणि मग आमचे प्रत्येक सप्लिमेंटरी बिल संशयाने वाचले गेले असते. वसुलीच्या टक्क्यांवर बांधलेल्या माझ्या योजनेने हमालाला एवढेच शिकवले होते की आपल्या फायद्याची चूक तेवढी बघायची.

त्यानंतर मी नियम नव्याने लिहिले. टक्केवारी काढून टाकली आणि चूक कोणाच्याही बाजूची असो, प्रत्येक खऱ्या चुकीला १५० रुपये ठरवले. बक्षीस पूर्ण टोळीला. टेप लावलेल्या खोक्याचा किंवा वजनकाट्यावरच्या आकड्याचा फोटो, त्याच चौकटीत बिल्टी क्रमांक, आणि तोही गाडी सुटण्याआधी. म्हणजे बहुतेक दुरुस्त्या बिल निघण्यापूर्वीच होऊ लागल्या आणि पार्टीशी वाद घालण्याची वेळच कमी झाली. क्लार्कच्या बाबतीत मी उलटा नियम केला: टोळीच्या आधी स्वतःची चूक सांगितली तर तेच १५० रुपये त्याला, मात्र महिन्यातून तीनदाच. या तीनच्या मर्यादेवर बरीच कुरकुर झाली, पण ती मी सोडलेली नाही.

पैसे कसे द्यायचे हा प्रश्न मी क्षुल्लक समजत होतो आणि तोच सर्वांत लांबला. आमची टोळी माथाडी मंडळात, म्हणजे हमालांची नोंदणी आणि मजुरी पाहणाऱ्या मंडळात, नोंदलेली आहे. १९६९ च्या कायद्यानुसार मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या ठरावीक टक्क्यांचा जादा भरणा) आम्ही मंडळात भरतो आणि मजुरी कामगारांना तेथून मिळते. मी रोख पाकिटाचा प्रस्ताव मांडला होता, तो युनियनच्या प्रतिनिधींनी फेटाळला. पाकीट आज मिळेल आणि उद्या बंद होईल, त्याची कोठे नोंदही राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर बक्षिसाची रक्कम टोळीच्या मजुरीतच दाखवून मंडळात भरायचे ठरले. त्यावर लेव्ही आलीच, त्यामुळे १५० रुपये कंपनीला १५० रुपयांना पडत नाहीत. शेठ महिनाभर हे ऐकवत होते.

मागच्या आठवड्यात मुकादमाने दोन मागण्या लेखी दिल्या. गोदामात एकच टेप आहे तो दुसऱ्या फाटकावरच राहतो, तेव्हा आणखी एक हवा. आणि मोजणी ओरडताना पुढे आकडे सुटे करून, म्हणजे शेहेचाळीसनंतर "चार-सहा" असे सांगायची सक्ती करावी. टेप त्याच दिवशी आला. "चार-सहा" आता धक्क्यावर रोज ऐकू येते.