पुढचं स्टेशन

परवा दुपारच्या कल्याण स्लोमध्ये माझ्यासमोर उभी असलेली मुलगी ध्यान करत होती. डोळे मिटलेले, कानात इअरफोन, एक हात वरच्या कडीत. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एक निळं वर्तुळ फुगत होतं, आक्रसत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'श्वासाकडे लक्ष द्या'. लेडीज डब्यात, दोन सीटांच्या मधल्या बेचक्यात, इतका शांत चेहरा! मला कौतुकच वाटलं. शीव गेलं तसा तिने एक डोळा उघडला.

"काकू, कुठे उतरणार?"

"मुलुंड."

"मग ही माझी हां." डोळा परत बंद.

तिच्या मागच्या बाईने लगेच तिच्या खांद्यावर टकटक केली. "तू कुठे?" "डोंबिवली." म्हणजे मुलुंडपर्यंत मी, डोंबिवलीपर्यंत ही, पुढे कल्याणपर्यंत ती. माझ्या बुडाखालच्या सीटचा सगळा भविष्यकाळ वाटून झाला होता आणि अजून कुर्लाही आलं नव्हतं.

या शहरात राहून 'वर्तमानात जगा' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मुलुंडला उतरायचं तर भांडुपलाच उठून दारापाशी नंबर लावावा लागतो. नाहूरपर्यंत खिडकीबाहेरचा क्षण अनुभवत बसणारी बाई थेट ठाण्याला उतरते. शिवाय आम्ही डबासुद्धा निवडतो तो उतरायच्या स्टेशनातल्या जिन्यासमोर नेमका कुठला येतो ते बघून. चढतानाच उतरलेले असतो म्हणा ना.

आणि गंमत अशी की, सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून आले, तेव्हा त्यांनी भारतातलं पहिलं विपश्यना ध्यानाचं शिबिर घेतलं ते मुंबईतच. माणसांची पारख असणार त्यांना. माझी एक मैत्रीण पुढे इगतपुरीला दहा दिवस जाऊन आली. मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, "पाय दुखले. आणि चौथ्या दिवसापासून मी मनात परतीच्या गाड्या लावत होते. कल्याणला उतरावं की सरळ दादरला?"

बरं, वर्तमान तरी कुणाचं धरायचं? 1 जानेवारी 1906 पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईने मात्र आपलं घड्याळ 39 मिनिटं मागेच ठेवलं. रेल्वेची वेळ एक, महापालिकेची दुसरी, हे थेट 1955 पर्यंत चाललं. आमच्या आजोबांच्या लग्नपत्रिकेवर मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं आवर्जून छापलेलं आहे. नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर, बरोब्बर वेळेवर पोचलं असतं.

आजोबा घड्याळवाले. आजीचं काम वेगळं. श्रावणात गिरगावच्या आमच्या खोलीत ती रविवारी दुपारी वालांचं पातेलं मधे ठेवायची आणि आम्हा पोरांना भोवती बसवायची. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, वर फुगलेली सालं, आणि तो उग्र, हिरवट वास. वाल चिमटीत धरून मागून दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा सुर्रकन पुढे सुटतो. जरा जोर जास्त झाला की दोन फाका. बेताने दाबला तर अख्खा, मोडासकट, परातीत टप्प. एखादा उडून कपाटाखाली जायचा, मग त्याच्यामागे धाकटा भाऊ पोटावर सरपटत. थोड्या वेळाने बोटांची टोकं सुरकुतायची, नखं काळपट व्हायची. कुणी काही बोलत नसे, कुणाला काही आठवत नसे, शाळासुद्धा नाही. एवढं रिकामं आणि एवढं भरलेलं डोकं मला नंतर मिळालं नाही.

आम्ही त्या वालात गढून गेलेलो असायचो खरे, पण आजी? वाल तिने शुक्रवारी रात्रीच भिजत घातलेले असत. शनिवारी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवलेले. हवा दमट असेल तर पुरचुंडी सैल करायची, कोंदट वास यायच्या आत. सोमवारी उपास सोडायला पानात बिरडं हवं, म्हणून ही सगळी तयारी. सोलतानाही तिची नजर परातीवर कमी आणि खोबरं पुरेल की नाही यावर जास्त. तिने तीन दिवस पुढचं बघून ठेवलेलं असायचं, म्हणून आम्हाला त्या दुपारी दुसरं काही बघावं लागत नसे. माझ्या आयुष्यातलं उत्तमातलं उत्तम ध्यान असं दुसऱ्या कुणाच्या तरी काळजीवर फुकट झालेलं आहे, आणि ध्यान शिकवणाऱ्यांपैकी कुणी घरी वाल भिजत घालणाऱ्या बाईचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

हल्ली सोललेले वाल बाजारात आयते मिळतात. मी तेच आणते. त्यात फुटके बरेच असतात, पण वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात काय करते म्हणाल, तर उद्याची भाजी निवडून ठेवते.