तोपशेला मराठी येत नाही (क्रॉसओव्हरची चौथी नोंद)

फेलूदा आणि फास्टर फेणे यांना एकत्र आणणारी एक क्रॉसओव्हर गोष्ट, म्हणजे दोन वेगळ्या लेखकांची पात्रं एकाच गोष्टीत, मी हौसेनं लिहितोय. मागच्या नोंदीत मोठ्या तोंडानं सांगितलं होतं की शिमग्यापर्यंत तिचे बारा हजार शब्द होतील. झाले साडेसात हजार. त्यातले तीन हजार गेल्या आठवड्यात मीच उडवले, म्हणजे हातात उरले साडेचार. हळदीचे सौदे जोरात आहेत, अडत दुकानाचे हिशेब आटपून विश्रामबागला पोचेपर्यंत नऊ वाजतात, ही सबब आहेच. पण खरं अडलं होतं ते दुसरीकडे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. साल १९७६. कलकत्त्याचा गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारा मित्र जटायू मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मिरजेत उतरतात. फास्टर फेणे सुट्टीत सांगलीला आलाय, सायकलसकट. मिरजेतल्या एका तंतुवाद्याच्या कारखान्यातून नुकताच तयार झालेला तानपुरा नाहीसा होतो. सत्यजित राय यांनी स्वतः फेलूदाला वेरूळला आणलं, मुंबईला आणलं. तिथून मिरज म्हणजे एका रात्रीचा प्रवास, त्यामुळे ओढूनताणून आणलंय असं कुणी म्हणू नये.

दोन जगांतली माणसं एका खोलीत बसवण्यात कसली मजा, असं घरचे विचारतात. मला मजा येते ती याची, की ओळखीचा माणूस अनोळखी होतो. फेणे आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो आता दिसतच नाही. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा बोलता बोलता जिभेनं ‘ट्टॉक्’ करतो, हे विचित्र आहे, असं मराठी वाचकाला शेवटचं कधी वाटलं होतं? कलकत्त्याच्या तोपशेला पहिल्या भेटीतच वाटतं. आणि उलट बाजूनं, आपल्या टिपणवहीत इंग्रजी मजकूर ग्रीक अक्षरांत लिहून ठेवणारा फेलूदा फेणेला कसा दिसेल? ‘वहीच चोरावी लागेल’ असाच की नाही?

आता अडलं कुठं ते सांगतो. फेलूदाच्या गोष्टी तोपशे सांगतो, ‘मी’ म्हणून. तो नियम मोडला की फेलूदाच हातचा जातो, कारण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचकाला शेवटपर्यंत कळता कामा नये. म्हणून निवेदक तोपशे, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्यावर मी मजेत लिहीत सुटलो. फेणे सांगलीवाडीच्या पोरांशी हुज्जत घालतोय, कारागिराला खोदून विचारतोय, सगळं चुरचुरीत. साताऱ्याची मावसबहीण माझी बीटा, म्हणजे मसुदा आधी वाचून चुका दाखवणारी. तिनं तीन हजार शब्द वाचून एका ओळीत निकाल लावला: “दादा, तोपशेला मराठी कुठं येतं?”

खरंच की. आपण त्याला मराठी अनुवादात वाचतो, ही आपली सोय झाली. त्याच्या कानावर फेणेचं बोलणं नुसता गलबला म्हणून पडणार.

मग आठ दिवस खटपट केली. फेणेला हिंदी बोलायला लावलं, तर त्याचा वेगच गेला. ब्रेक लावून सायकल हाणल्यासारखं वाटायला लागलं. आळीपाळीनं निवेदक बदलून पाहिला, तर दोन गोष्टी एका दोरीला टांगल्यासारख्या दिसल्या. जटायूला दुभाषा केलं, ते एक पान झकास जमलं. त्याचं अफाट हिंदी मिरजेतल्या दखनी बोलणाऱ्या चहावाल्याला बिनबोभाट कळतं आणि तो नुसतं “हौ हौ” म्हणत राहतो. पण दुसऱ्या पानावर तोच विनोद शिळा झाला.

शेवटी हट्ट सोडला. तोपशेला कळत नाही तर नाही कळू दे. त्याला दिसतं तेवढंच लिहायचं: हातवारे, कारागिराचा उतरलेला चेहरा, आणि मधेच ‘ट्टॉक्’. पहिल्यांदा तो दचकतो. चौथ्या वेळेपर्यंत त्याला कळायला लागतं की एक ट्टॉक् ‘गडबड आहे’चा आणि दुसरा, जरा आखूड, ‘सापडलं’चा. फेणेवर मी आजवर लिहिलेल्यातला बरा परिच्छेद हाच, आणि त्यात फेणेचा एकही शब्द नाही. हे लिहिताना असंही लक्षात आलं की माझी गोष्ट फेलूदा आणि फेणेची नव्हतीच. जवळपास एका वयाची दोन पोरं, तोपशे आणि फेणे, यांची होती. शीर्षक बदलावं लागणार.

दुसरा जुना तिढा, जिंकणार कोण? हा तिढा १९०६ पासूनचा आहे. मोरिस लब्लाँनं आपल्या आर्सेन लुपँच्या गोष्टीत शेरलॉक होम्सला आणलं. कॉनन डॉयलनं हरकत घेतली, तेव्हा लब्लाँनं अक्षरं इकडची तिकडं करून ‘हर्लॉक शोल्म्स’ केलं आणि वॉटसनचा विल्सन. नाव बदललं तरी घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे वाचताना लपत नाही. माझंही तेच होत होतं. प्रत्येक धागा फेणेच्याच हाती लागत होता आणि फेलूदा नुसता चारमिनार ओढत उभा. बीटाबाईंचा शेरा: “हा फेणे नाही, सांगलीचा अभिमान आहे.” झोंबलं, पण बरोबर होतं.

त्यावरचा उपाय कारखान्यातच सापडला. माझ्या कच्च्या आराखड्यात चोरलेला हिरा तानपुऱ्याच्या भोपळ्यात होता. मिरजेतल्या एका वयस्कर कारागिराला भीत भीत विचारलं, तर ते हसायलाच लागले. (भोपळ्याच्या तोंडावर बसवतात ती लाकडी फळी म्हणजे तबली.) “तबली एकदा चिकटवली की आत काय घालणार? आन् घातलाच, तर उचलल्या उचलल्या खुळखुळा वाजंल की ओ.” म्हणजे हिरा तबली बसण्याआधीच आत गेला पाहिजे, आणि लाखेनं घट्ट बसवलेला पाहिजे. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, त्यामुळे संशयितांत भोपळ्यांचा व्यापारीही आला. मी पुढं विचारलं, आत काही चिकटलं असेल तर कळेल का? म्हणाले, “आवाज दबला तर मानूस जवारीला दोष देतो. घोडी घासत बसतो. आत कोन बघतंय?” (घोडी म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, आणि ती घासून आवाजाला आणलेली झणक म्हणजे जवारी.)

एवढ्यात मला दोघांचं काम वाटून मिळालं. जवारी तीनदा लावूनही आवाज मोकळा होत नाही, याचा अर्थ बसून काढायचा फेलूदानं. ते त्याच्या मगजास्त्राचं, म्हणजे डोक्याचं, काम. भोपळ्यावर टिचक्या मारून कुठली जागा बद्द वाजते ते शोधायचं फेणेनं, कारण जिभेनं आयुष्यभर आवाज काढणाऱ्या पोराचे कान तेवढे तयार असणारच. हे कॅननमध्ये, म्हणजे मूळ गोष्टींत, कुठं नाही. पण कॅननच्या विरुद्धही नाही, आणि मला तेवढी मोकळीक पुरते.

छापून विकायचं का, असं दोघांनी विचारलंय. नाही. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, राय १९९२ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे दोघंही अजून बरीच वर्षं दुसऱ्याच्या मालकीचे. आपण अंगणात खेळून घरी जायचं.

आता सहावं प्रकरण. फेणेला मिरजेहून निघून, आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीला जायचंय आणि गाडी सुटायच्या आत परत मिरज स्टेशन गाठायचंय. मी बिनधास्त ‘पाऊण तासात’ असं लिहून ठेवलंय, आणि बीटानं त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. रविवारी पहाटे सायकल काढून स्वतःच जाऊन येणार आहे. माझ्या गुडघ्यांना जेवढा वेळ लागेल, त्याचा निम्मा फेणेला.