बारोलो बघायला गेलो आणि बार्बेरा पीत बसलो

इटलीची वाईन म्हटलं की आपली मंडळी डायरेक्ट टस्कनी नि क्यान्टीवर येतात, टूरवालेही तिकडेच नेतात, आम्ही मात्र ठरवून वर वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात गेलो, तिथली प्रसिद्ध रेड वाईन बारोलो चाखायला. तोरिनोच्या दक्षिणेला आल्बा नावाचं छोटं शहर आहे तिथे मुक्काम टाकला, आजूबाजूला लांगेच्या टेकड्या, महिना ऑक्टोबर. आल्बापर्यंत ट्रेन येते पण पुढे टेकड्यांवरच्या गावांना बस अगदीच मोजक्या, आणि वाईन प्यायची तर स्वतः गाडी चालवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे टॅक्सीत गेले ते पैसे गेले.

पहिल्यांदा ला मोर्रा हे गाव. गावाच्या टोकाला कठडा आहे, तिथून खाली नुसते द्राक्षमळे, २०१४ पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. आमचा टॅक्सीवाला बोलका होता, त्याने उभ्या उभ्या सगळा हिशोब समजावला, दक्षिणेकडे तोंड असलेला चांगला उतार नेबियोलो द्राक्षाला, कारण ते सगळ्यात उशिरा पिकतं आणि त्याला ऊन लागतं, मग बार्बेराला, थंड जागा दोल्चेत्तोला (हीही रेड वाईनची द्राक्षंच, वाईनलाही तीच नावं) आणि जिथे द्राक्ष धड पिकणारच नाही तिथे हेझलनटची झाडं. एकदा हे कळलं की टेकडी बघायची नजरच बदलते राव.

बारोलो म्हणजे शंभर टक्के नेबियोलो. नियमाने किमान ३८ महिने ठेवायची, त्यातले १८ लाकडात, रिझर्वा म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर ६२ महिने. एवढं ऐकून मी काळीकुट्ट, घट्ट वाईन येणार म्हणून बसलो होतो, आली ती फिक्या विटकरी रंगाची, आरपार दिसणारी. वास गुलाबाचा आणि मागून चक्क डांबराचा, ऐकायला विचित्र वाटतं पण ग्लास फिरवलात की पटतं. आणि घोट घेतला की काजूचं बोंड खाल्ल्यासारखं तोंड आक्रसतं, इतकी तुरट. ला मोर्राच्या बाजूची त्यातल्या त्यात मऊ, सेर्रालुंगा गावाकडची कडक, ती म्हणे वर्षानुवर्षं ठेवूनच उघडावी. नुसती पिण्यात खरंच मजा नाही, स्पष्ट सांगतो. पण बारोलोतच तासन्तास शिजवलेलं बीफ, ब्राझातो म्हणतात, त्याच्याबरोबर (खात असाल तर) तोच तुरटपणा एकदम जागेवर बसतो, चरबी आणि वाईन एकमेकांना सांभाळून घेतात. ज्यांना मांस नको त्यांनी जुनं कडक चीज मागवावं.

वायनरीत मोठ्या जुन्या लाकडी पिंपांवरून गप्पा निघाल्या. १९८० च्या दशकात काही तरुण मंडळींनी छोटी नवी फ्रेंच पिंपं आणली आणि जुन्या लोकांशी चांगलीच जुंपली. माझं मत विचाराल तर मोठं पिंपच बरं, छोट्यातल्या वाईनला व्हॅनिलाचा वास येतो आणि मग गुलाब कुठे शोधायचा?

आता मुद्द्याची गोष्ट. संध्याकाळी आल्बातल्या साध्या खाणावळीत बघितलं तर आजूबाजूच्या टेबलांवर बारोलो जवळजवळ नाहीच, सगळे आपले बार्बेरा नाहीतर दोल्चेत्तो घेऊन बसलेले. बार्बेराला तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर, चेरीसारखी चव, आणि किंमत बारोलोच्या कितीतरी खाली. आन्योलोत्ती देल प्लिन म्हणजे मांस भरून चिमटीने बंद केलेले इवलेसे पास्ते, त्याच्याबरोबर मी हीच घेतली आणि मग रोज तीच. टोमॅटोवाल्या कुठल्याही पदार्थाला चालते, कारण आंबटाला आंबट टक्कर देतं.

सीझन पांढऱ्या ट्रफलचा होता, म्हणजे जमिनीखाली उगवणारी घमघमीत, महागडी बुरशी. तायारीन म्हणजे भरपूर पिवळं बलक घातलेल्या बारीक शेवया, नुसत्या लोण्यात परतलेल्या, वर ट्रफल किसतात, आधी वजन करून मग किसून मग परत वजन, फरकाचे पैसे. आम्ही इतकंसंच घेतलं, वासावरच निम्मं पोट भरलं. बान्या काउदा मात्र शाकाहारी समजून मागवू नका हां, भाज्या बुडवायचं ते गरम लसणीचं तेल असतं पण त्यात अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात. त्याच्याबरोबरही बार्बेराच.

व्हाईट हवी असेल तर तानारो नदीपलीकडच्या रोएरो भागातली आर्नेइस घ्या, हलकी, नाशपातीसारखी. आणि जेवण संपल्यावर हेझलनटचा केक नि मोस्कातो दास्ती, गोड, किंचित फसफसणारी, अल्कोहोल जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. ज्यांना वाईन कडू लागते त्यांनी इथूनच सुरुवात करावी. फक्त बाटली घरी आणून शोकेसमध्ये ठेवू नका, ही ताजी असतानाच संपवायची असते.