केस नंबर सात

व्हाउचर नाही म्हणजे खर्च झालाच नाही, हे आमच्या सरांनी मला आर्टिकलशिपच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सीए होऊन दोन वर्षं झाली तरी ते डोक्यातून हललं नव्हतं. त्यामुळे २०१९ च्या जुलैत गोव्यात सासष्टीतल्या एका गावी इगर्जीच्या (कॅथलिक चर्चच्या) हिशेबाला बसले, तेव्हा हरकती लिहायचा कागद आधीच पुढ्यात ओढून बसले होते.

इगर्जीच्या मुख्य हिशेबात हरकत घ्यावी असं फारसं काही सापडलं नाही. फाब्रिकेची (इगर्जीच्या देखभाल निधीची) वही वेगळी, कपेलाची (छोट्या प्रार्थनाघराची) वेगळी. रविवारच्या मिसाला (प्रार्थनाविधीला) जमलेली इस्मोल, म्हणजे दानाचे पैसे, सोमवारी बँकेत, मोजणाऱ्या दोघांच्या सह्यांसकट. बोटीवर काम करणाऱ्या गावच्या एका तारवटीने कपेलाच्या छपरासाठी मोठी रक्कम दिली होती. काम पावसाळ्यानंतर निघायचं होतं, म्हणून ती तशीच पडून होती, आणि इकडे इगर्जीच्या रंगकामाचं बिल थकलेलं. मी फादरना म्हटलं, तात्पुरते वापरले असते तर? ते म्हणाले, नाही वापरता येत. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं १२६७ वं कलम सांगतं की ज्या कारणासाठी दान दिलं, त्याच कारणाला ते लागलं पाहिजे. पॅरिशला, म्हणजे प्रत्येक इगर्जीच्या हद्दीतल्या समाजाला, अर्थसमिती हवी, हे ५३७ वं कलम. मिसासाठी लोक जे पैसे देतात त्यात व्यापाराचा भासही नको, आणि एका दिवसात कितीही मिसा केल्या तरी पाद्रीने एकाच मिसाची रक्कम स्वतःकडे ठेवायची, नाताळचा दिवस तेवढा सोडून. मी हे सगळं टिपून घेतलं. निधी ज्याचा त्यालाच वापरा म्हणून आम्ही किती संस्थांच्या मागे लागतो!

घोडं अडलं ते दुसऱ्या वहीपाशी. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची गावातली जी शाखा आहे (तिला ते कॉन्फरन्स म्हणतात), तिचाही हिशेब आमच्याकडे होता. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबाला दारात बोलावून द्यायचं नाही, दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं, ही त्यांची रीत आजही चालू आहे. आत्ता या गावात सात-आठ माणसं, बहुतेक सगळी निवृत्त. आठवड्याला बैठक, आणि बैठकीच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कोणी शंभर घातले, कोणी दहा, कोणाची मूठ रिकामीच गेली, कोणालाच कळत नाही.

म्हणजे जमेला दात्याचं नाव नाही. ते मी समजू शकत होते. तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ११५बीबीसी कलमाखाली धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्यांवर तीस टक्के कर होता, पण तो एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या रकमेवर. पिशवीतली वर्षभराची चिल्लर त्याच्या आसपासही जात नव्हती.

पण खर्चालाही नाव नव्हतं. ‘केस ३, औषध.’ ‘केस ७, रुपये १,५००.’ ‘केस ११, शाळेची फी.’ पावती नाही, सही नाही, अंगठा नाही. बारा महिने हेच.

शाखेचे तेसोरेर (खजिनदार) होते सत्तरीतले एक निवृत्त मास्तर. मी यादी मागितली. ते शांतपणे म्हणाले, “नांव दिवपाक जावचें ना, बाय.”

मी नियम सांगितले, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, गाव लहान आहे. केस अकराचा मुलगा रविवारी वेदीपाशी सेवेला उभा असतो. कागदावर नाव आलं की ते कधीतरी कोणीतरी वाचणार, आणि त्या दिवशी तो मुलगा यायचा बंद होईल. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं जेजू (येशू) म्हणाला ते आमच्यासाठी नव्हे, त्या मुलासाठी.

मी गप्प झाले, पण पटलं नव्हतं. मी फोंड्याची. देवस्थानचा कारभार बघणाऱ्या महाजनांच्या घरात वाढलेली. आमच्याकडे देणगी दिली की पावती फाटते, मोठी असली तर संगमरवरावर नाव कोरलं जातं, आणि त्यात मला आजही गैर काही वाटत नाही. नाव वाचून दुसऱ्यालाही द्यावंसं वाटतं. गुप्तदानही आमच्याकडे आहेच. माझी आजी लाडवात नाणं दडवून द्यायची. पण दडायचा तो देणारा. घेणाऱ्यालाही दडवावं लागतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

तिढा फादरनी सोडवला. त्यांनी चक्क माझी बाजू घेतली. संत पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी ठिकठिकाणी पैसे गोळा केले, तेव्हा ते न्यायला विश्वासातली माणसं सोबत घेतली, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून. ते पत्र करिंथच्या लोकांना आहे, आठव्या अध्यायात. “डाव्या हाताला कळू नये हेही आमचंच आणि हिशेब चोख हवा हेही आमचंच,” ते मास्तरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “नाव लिहू नकोस. पण जा, डोळ्यांनी बघून ये. एक केस तू निवड.”

मी सात निवडली. दर महिन्याला जाणारी ती एकच होती.

पाऊस नुसता कोसळत होता. मास्तर आणि त्यांची जोडीदार, एक निवृत्त नर्सबाई, पुढे स्कूटरवर, मागे मी. घर म्हणजे जुनं कौलारू, पुढे बल्कांव (बसायचा ओटा) होता, पण अर्ध्या छपरावर निळी ताडपत्री. आत ऐंशीच्या आसपासची एक बाई. मास्तरांनी माझी ओळख “आमची हिशेब बघणारी” एवढीच करून दिली. नर्सबाईंनी रक्तदाब मोजला, औषधाची पट्टी तपासली, आणि पाकीट टेबलावरच्या वाडग्याखाली सरकवलं. बाईंनी मला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “सही खंय करूं?”

मी मास्तरांकडे बघितलं. ते चपापलेच.

बाई एकेकाळी एका शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या. सही केल्याशिवाय त्यांनी जन्मात पैसे घेतले नव्हते, आणि हे लोक सही घेत नाहीत हे त्यांना खुपत होतं. म्हणून त्यांनी स्वतःच वही ठेवली होती. कपाटातून काढून माझ्या हातात दिली. पोर्तुगीज शाळेत घटवलेलं तिरकं, सुंदर अक्षर. तारीख, रक्कम, एक ओळही सुटलेली नाही. आमच्या धंद्यात तिऱ्हाईताने ठेवलेल्या नोंदीइतका चांगला पुरावा नाही. मी मास्तरांच्या वहीची झेरॉक्स शेजारी धरली आणि ओळीने खुणा करत गेले.

अकरा महिने रुपयाला रुपया जुळले. डिसेंबर जुळला नाही. मास्तरांच्या वहीत १,५००, बाईंच्या वहीत १,७००.

दोनशे रुपये जास्त. कमी निघाले असते तर काय लिहायचं ते मला पाठ होतं. मी मास्तरांना विचारणार तेवढ्यात दिसलं की ते खिडकीतून माडांकडे टक लावून बघताहेत आणि त्यांचे कान लाल झालेत. नर्सबाईही त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनाही आत्ताच कळत होतं.

मी वही मिटली. प्रत्येक नोंदीपुढे लहानसा क्रूस काढलेला होता, तो कशाला म्हणून बाईंना विचारलं. दर पाकिटामागे त्या एक तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, देणाऱ्यासाठी. म्हणून झाला की क्रूस. पण देणारा कोण हे तर तुम्हाला ठाऊक नाही, मी म्हटलं, मग कोणाच्या नावाने म्हणता?

“नांव कित्याक? देवाक तारीख पुरो.”

आणि त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून वही माझ्यापुढे सरकवली. ऑडिटरनेही सही करावी असं त्यांचं म्हणणं पडलं. मी केली.

परत येईपर्यंत तिघंही चिंब भिजलो होतो. मास्तर दोनशे रुपयांबद्दल बोलले नाहीत, मीही काढलं नाही. संध्याकाळी फाइलला कागद लावला: केस ७, प्रत्यक्ष भेट दिली, लाभार्थीच्या स्वतःच्या नोंदीशी पडताळलं, संस्थेने दाखवलेला सर्व खर्च पोहोचला आहे. सरांनी वाचून विचारलं, लाभार्थीचं नाव कुठे आहे? मी म्हटलं, सर, तारीख आहे.