सतरा पौंडांची बादली

जूनच्या त्या आठवड्यात आमच्या घरी एक पांढरी प्लास्टिकची बादली आणि वजनकाटा यांच्याभोवतीच सगळं चाललं होतं. लेकीला मैत्रिणीच्या मॉर्मन चर्चनं ट्रेकला बोलावलं होतं. त्यांचे पूर्वज हातगाड्या ओढत आले, तसंच मुलांनी काही दिवस चालायचं. आपला धर्म वेगळा, तरी आग्रहानं बोलावलं. अंथरुण वेगळं, बाकीचं सगळं सामान त्या बादलीत मावलं पाहिजे आणि 17 पौंडांच्या, म्हणजे पावणेआठ किलोंच्या वर जाता कामा नये. फोन घरी ठेवायचा. अंगात पायघोळ झगा, डोक्याला झालरीची टोपी.

हे 17 पौंड 1856 सालचे. नावू या इलिनॉयमधल्या गावातून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना 1846 मध्ये बाहेर पडावं लागलं आणि 24 जुलै 1847 ला त्यांचे पुढारी ब्रिगम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आमच्या युटामध्ये त्या दिवशी आजही सुट्टी असते. पुढे इंग्लंड-स्कँडिनेव्हियातून गरीब कुटुंबं येऊ लागली. त्यांना बैल आणि गाडी परवडेना, म्हणून हातगाड्या काढल्या. आयोवा सिटीपासून सुमारे 2,100 किलोमीटर, गाडी ओढत पायी. मोठ्या माणसाला सामान 17 पौंड. 1860 पर्यंत अशा दहा तुकड्या आल्या, बहुतेक सुखरूप पोचल्या.

दोन नाही पोचल्या सुखरूप. विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या तुकड्या उशिरा निघाल्या. गाड्या ओल्या लाकडाच्या, माळरानाच्या कोरड्या हवेत चाकं आकसून खिळखिळी झाली. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला मुक्काम असताना लीवाय सॅव्हेज नावाच्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं, की आता निघालो तर म्हातारी माणसं आणि लेकरं वाटेत जातील. त्याचं कुणी ऐकलं नाही. मग तो म्हणाला, तुम्ही जाणारच असाल तर मीही येतो, तुमच्याबरोबर राबेन, वेळ आली तर मरेनही. आणि तो गेला. ही गोष्ट मला शेजारच्या आजींनी सांगितली तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये वायोमिंगात बर्फानं गाठलं. ब्रिगम यंगनी 5 ऑक्टोबरच्या सभेत सगळं बाजूला ठेवून त्यांना आणायला निघा असं सांगितलं, दोनच दिवसांत पीठ आणि पांघरुणं भरून गाड्या सुटल्या. तरी दोन्ही तुकड्यांतले मिळून दोनशेवर लोक गेले. रॉक क्रीकला तेराजण एकाच खड्ड्यात पुरले आहेत.

ट्रेक वायोमिंगातल्या मार्टिन्स कोव्हच्या परिसरातच होता, मार्टिनच्या तुकडीनं बर्फात आसरा घेतला ती जागा. मी स्वयंपाकाच्या गटात मदतीला गेले. आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’, त्यांना एक जोडपं आईबाबा म्हणून, आणि प्रत्येक कुटुंबाला एक गाडी. इथल्या मराठी मैत्रिणींना हे सांगितलं की सगळ्या एका सुरात म्हणतात, ‘वारीच की!’ मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वारकरी आपल्या विठोबाला भेटायला आपल्या पायांनी जातो. इथं मुलं दुसऱ्या कुणाची तरी वाट चालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चढ आला. तिथं मुलग्यांना बाजूला काढलं. 1846 मध्ये पाचशेच्या आसपास मॉर्मन पुरुष अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन गेले आणि मागे बायकांना सगळं एकटीनं निभवावं लागलं, त्याची आठवण म्हणून हा चढ फक्त मुलींनी गाडी ओढून चढायचा. मुलगे दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभे. कुणीही बोलायचं नाही. वाळूत चाक रुतलं की माझ्या लेकीच्या मानेची शीर ताणलेली मला खालून दिसत होती. तिथं जाऊन हात लावावा असं इतकं वाटलं, पण लावायचा नव्हता.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात आपल्या एखाद्या पूर्वजाच्या नावाची चिठ्ठी होती. हिला कुणाचं नाव घालायचं? शेजारच्या आजींनी त्यांच्या खापरपणजीचं दिलं. मार्टिनच्या तुकडीतून लहानपणी आलेली, वाचलेली. ‘तुझ्या गळ्यात शोभेल,’ म्हणाल्या. मला भरून आलं.

घरी आल्यावर पायाचे फोड दाखवायला लेकीनं बीडला आजीला व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोड पाहिले आणि म्हणाली, ‘तुझ्याएवढीच होते मी, बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायला जायचो, मग पाझर तलावाच्या कामावर. पायात काही नाही. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी.’ दुष्काळी कामाचं आईनं मला एवढं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

लेकीनं गळ्यातली चिठ्ठी काढून उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर आजीचं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘आजी, तो तलाव अजून आहे?’

‘आहे की. डिसेंबरात ये, दाखवते. तेव्हा पाणी असतं त्यात.’