फवाद आलमची मधली वर्षं

सोमवार, रात्री

कोलंबोतलं पी. सारा ओव्हल, जुलै 2009. पाकिस्तानचा पहिला डाव 90 धावांत आटोपलेला. दुसऱ्या डावात 1 बाद 285 आणि तिथून 320 सर्वबाद. 35 धावांत नऊ गडी. श्रीलंकेला 171 धावा हव्या होत्या, त्यांनी तीन गडी गमावून त्या केल्या आणि सामना संपला.

या पडझडीच्या अगदी मधोमध 168 हा आकडा उभा आहे. फवाद आलम, वय 23, पहिलीच कसोटी. मुळात मधल्या फळीतला हा डावखुरा फलंदाज त्या दिवशी सलामीला आला होता, कारण संघात तीच जागा रिकामी होती. दुसऱ्या बाजूला कर्णधार युनूस खान. दोघांनी 200 धावा जोडल्या. पदार्पणाच्या कसोटीत परदेशात शतक करणारा तो पहिला पाकिस्तानी फलंदाज ठरला.

त्यानंतर त्याला आणखी दोन कसोट्या मिळाल्या. एक त्याच मालिकेत आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडमध्ये, ड्युनेडिनला. तिथे धावा झाल्या 29 आणि 5. मग नाव गेलं ते ऑगस्ट 2020 पर्यंत. मधल्या काळात पाकिस्तान 88 कसोट्या खेळला.

गेले काही दिवस झोपण्यापूर्वी जुनी स्कोअरकार्ड्स वाचते आहे, आणि या 88 वर येऊन थांबते. दादा म्हणतो, उपखंडात असं होतंच, आपल्याकडे मुंबईचा फलंदाज अमोल मुजुमदार, त्याला भारतीय संघातून एकदाही बोलावणं आलं नाही. खरं आहे. मुजुमदारचं दुःख वेगळं आणि मोठं आहे. पण फवादला दार उघडून आत घेतलं होतं, त्याने आत येऊन शतक केलं होतं, आणि तरीही त्याला बाहेर ठेवलं. हे मला आजही पटत नाही.

मंगळवार

ड्युनेडिनचं स्कोअरकार्ड आज नीट पाहिलं. फवादची जी कसोटी जवळपास शेवटची ठरली, त्याच सामन्यात उमर अकमलचं पदार्पण होतं. त्याने 129 आणि 75 केल्या. काय खेळला होता तो! तेव्हा सगळ्यांना वाटलं की पाकिस्तानच्या मधल्या फळीचा पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न सुटला. मलाही वाटलं होतं. त्या वयात त्याच्यासारखे फटके कुणाकडेच नव्हते.

उमर अकमलची कसोटी कारकीर्द 2011 मध्येच थांबली. 16 कसोट्या, 1003 धावा, शतक ते एकच. फवादची पूर्ण झालेली नोंद 19 कसोट्या, 1011 धावा. एक प्रतिभेचा नमुना म्हणून मिरवला गेला, दुसऱ्याच्या फलंदाजीच्या ढंगाला लोकांनी नाकं मुरडली. दोघांच्या नावावर हजारभर धावा. फवादची शतकं मात्र पाच.

आणखी एक गोष्ट. मार्च 2014 मध्ये मीरपूरला आशिया कपचा अंतिम सामना झाला. पाकिस्तान 3 बाद 18. लसिथ मलिंगा सुटला होता, अख्ख्या डावात पडलेले पाचही गडी त्यानेच घेतले. फवाद आधी कर्णधार मिसबाहबरोबर आणि मग याच उमर अकमलबरोबर उभा राहिला आणि 114 वर नाबाद परतला. सामना श्रीलंकेने जिंकला. जानेवारी 2015 मध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात फवाद नव्हता. एप्रिल 2015 नंतर तो एकदिवसीय सामनाही खेळलेला नाही. 38 सामन्यांत 40 च्या सरासरीने धावा करणारा मधल्या फळीतला माणूस पाकिस्तानला त्या काळात इतका नकोसा असावा?

गुरुवार, पहाटे

झोप लागेना म्हणून पुन्हा वही उघडली.

मला प्रामाणिकपणे हिशोब मांडायचा आहे. त्या सगळ्या वर्षांत अन्याय झाला, असं सरसकट म्हणता येणार नाही. मार्च 2009 मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाला आणि पाकिस्तानातलं कसोटी क्रिकेट बंद पडलं. संघ अमिरातीत जाऊन राहिला. 2010 च्या इंग्लंड दौऱ्यातल्या स्पॉट फिक्सिंगनंतर, म्हणजे पैसे घेऊन ठरवून नो-बॉल टाकण्याच्या प्रकरणानंतर, मिसबाह-उल-हककडे कर्णधारपद आलं. त्याने जी मधली फळी उभी केली ती खरोखर भक्कम होती. अझहर अली, युनूस खान, स्वतः मिसबाह, असद शफीक. ऑगस्ट 2016 मध्ये हा संघ कसोटी क्रमवारीत पहिला आला. घरी एक कसोटी न खेळता! त्या चौघांपैकी कुणाला काढून फवादला घ्यायचं होतं, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणजे 2017 पर्यंतचं मी समजून घेऊ शकते. मे 2017 मध्ये डोमिनिकाच्या कसोटीनंतर युनूस आणि मिसबाह एकाच वेळी निवृत्त झाले. चौथा आणि पाचवा क्रमांक रिकामा झाला. आणि तेव्हा देशांतर्गत क्रिकेटमध्ये पन्नासच्या बऱ्याच वरच्या सरासरीने, वर्षामागून वर्षं धावा करणारा एक माणूस कराचीत बसला होता. हारिस सोहेलला घेतलं, उस्मान सलाहुद्दीनला घेतलं. 2018 मध्ये इंग्लंड दौऱ्याआधी लाहोरच्या शिबिराला फवादला बोलावलं, आणि संघ जाहीर झाला तेव्हा त्याचं नाव गाळलं. वय 32 होतं. मधल्या फळीतल्या फलंदाजाचं हे ऐन भरातलं वय. मिसबाहची स्वतःची खरी कारकीर्द तर त्याहून उशिरा सुरू झाली होती.

माझी तक्रार या दोन-अडीच वर्षांची आहे.

गुरुवार, रात्री

आज दुपारी दादाशी फोनवर फवादच्या स्टान्सवरून, म्हणजे खेळायला उभं राहण्याच्या पद्धतीवरून, बोलणं झालं. दादा म्हणाला, "तो उभा राहतो ते बघवत नाही गं." बऱ्याच जणांना बघवत नाही. फवाद छाती गोलंदाजाकडे करून उभा राहतो, उजवा पाय लेग साइडला लांब टाकलेला. जणू चेंडू स्क्वेअर लेगच्या अंपायरकडून येणार आहे. गोलंदाज उडी घेतो तेव्हा फवाद आत सरकतो, उजवा पाय ऑफ स्टंपकडे येतो, आणि चेंडू हातातून सुटायच्या क्षणाला त्याचं डोकं, खांदा, बॅट, सगळं पुस्तकात असतं तिथे येऊन पोचलेलं असतं.

गयानाचा शिवनारायण चंदरपॉल असाच उभा राहायचा, आणि त्याने कसोटीत अकरा हजारांच्या वर धावा केल्या. दोन्ही डोळ्यांनी गोलंदाजाचा हात पाहता येतो, हा त्यातला फायदा. तोटा असा की त्या सरकण्याला वेळ लागतो. पाय अजून प्रवासात असताना पूर्ण लांबीचा, उशिरा आत वळणारा चेंडू आला की पायचीत. निवड समित्यांनी हा तोटा तेवढा पाहिला. बारा हजारांहून जास्त फर्स्ट क्लास धावा याच पद्धतीने आल्या होत्या, हे त्यांना दिसत असूनही मोजलं गेलं नाही.

दूरदर्शनवर न दिसणारे ते सामने! पाकिस्तानातल्या कायदे-आझम करंडकाचे, नॅशनल बँक, सुई सदर्न गॅस अशा संस्थांच्या संघांसाठी खेळलेले. समोर प्रेक्षक नाहीत, आणि शतक केलं तरी पुढच्या आठवड्यात कुठलाही फोन येणार नाही हे ठाऊक असताना पुन्हा पॅड बांधायचे. फवादचे वडील तारिक आलमही फर्स्ट क्लास क्रिकेटपटू. सासरे मन्सूर अख्तर कसोटीपटू. त्यांनी आणि वहीद मिर्झाने 1977 मध्ये कराचीत 561 धावांची सलामी दिली होती. अशा घरांत मैदानाचा व्यवहार लहानपणापासून कळतो. धावा करणं हे आपलं काम, एवढी गोष्ट या माणसाने कुठेही कडवट न होता धरून ठेवली. मुलाखतींतही तो कुणावर घसरला नाही. मी त्याच्या जागी असते तर मला ते जमलं नसतं, म्हणून त्याच्याबद्दलचा माझा आदर मोठा आहे.

शनिवार

आज सगळी सकाळ न्यूझीलंडमधल्या माउंट माँगानुईच्या कसोटीत गेली.

त्याआधीचं थोडक्यात. सप्टेंबर 2019 मध्ये मिसबाह प्रशिक्षक आणि निवड समितीप्रमुख झाला. डिसेंबरमध्ये कसोटी क्रिकेट पाकिस्तानात परतलं, आणि त्याच मालिकेसाठी फवादला संघात घेतलं. देशातून कसोटी गेली त्या वर्षी याचं पदार्पण झालं आणि देशात कसोटी आली त्या वर्षी याचं पुनरागमन. खेळायला मात्र ऑगस्ट 2020 उजाडलं. साउथहॅम्प्टन. चार चेंडू, शून्य, पायचीत ख्रिस वोक्स. लोकांनी काय काय लिहिलं होतं तेव्हा!

मग 30 डिसेंबर 2020. पाकिस्तानपुढे 373 चं लक्ष्य, पाचव्या दिवशी 75 वर चौथा गडी बाद. फवाद आणि मोहम्मद रिझवान. रिझवान त्या सामन्यात कर्णधार होता, बाबर आझमला दुखापत होती. समोर साउदी, बोल्ट, जेमिसन, आणि पायाची बोटं मोडलेली असूनही इंजेक्शनं घेऊन षटकांमागून षटकं टाकणारा नील वॅग्नर. या दोघांनी 165 धावा जोडल्या. सामना वाचतो असं वाटायला लागलं होतं. फवादचं शतक झालं, पहिल्या शतकानंतर अकरा वर्षांनी.

मी हा डाव पुन्हा पाहताना त्याचं सोडणं पाहत होते. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडताना तो बॅट इतकी आत घेतो की शंकाच राहत नाही. वॅग्नरचे आखूड चेंडू छातीवर येत होते. काही खाली वाकून सोडले, काही अंगावर घेतले, आणि अधूनमधून पुल मारला. 269 चेंडू. शेवटी लेग साइडला जाणाऱ्या वॅग्नरच्याच चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल, 102. रिझवानही नुकताच गेलेला. पुढचे फलंदाज झुंजले, आणि सामना 27 चेंडू बाकी असताना हरला. 27 चेंडू! मोडक्या बोटांच्या वॅग्नरचं कौतुक त्या दिवशी सगळीकडे झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण पराभवातलं शतक म्हणून फवादचा डाव मागे राहिला, तसाच कोलंबोचाही राहिला होता.

महिन्याभरात कराची. नॅशनल स्टेडियम, दक्षिण आफ्रिका चौदा वर्षांनी पाकिस्तानात आलेली. स्वतःच्या शहरातच नव्हे, स्वतःच्या देशातली ही फवादची पहिली कसोटी. 4 बाद 27 वर तो आणि अझहर अली. रबाडा आणि नॉर्किए दोन्ही बाजूंनी. करोनामुळे स्टँड रिकामे. त्याने 109 केल्या, केशव महाराजला षटकार मारून शतक गाठलं. हा सामना पाकिस्तानने जिंकला. अझहरबरोबर 94, फहीम अश्रफबरोबर 102. त्याच्या सगळ्या डावांत मला हा सर्वांत जास्त आवडतो, कारण इथे त्याने खालच्या फलंदाजाला सोबत घेऊन सामना ओढून नेला, आणि मधल्या फळीचं खरं काम तेच असतं.

झिम्बाब्वेत हरारेला 140. मग किंग्स्टन, ऑगस्ट 2021. 3 बाद 2 अशी अवस्था, जमैकाचा उकाडा, पायात गोळे आले म्हणून 76 वर मैदान सोडावं लागलं, परत आला आणि 124 वर नाबाद राहिला. पाकिस्तान 109 धावांनी जिंकलं. हे त्याचं पाचवं शतक, 22 व्या डावात. तोवर कुठल्याही पाकिस्तानी फलंदाजाने इतक्या कमी डावांत पाच शतकं केली नव्हती. त्याआधी आशियाई फलंदाजांत हा मान चेतेश्वर पुजाराकडे होता, 24 डावांचा. श्रीलंका, न्यूझीलंड, पाकिस्तान, झिम्बाब्वे, वेस्ट इंडीज. पाच शतकं, पाच देश.

रविवार

शेवट लवकर झाला. मार्च 2022 मध्ये ऑस्ट्रेलिया आली. कराचीत मिचेल स्टार्कचा रिव्हर्स स्विंग होणारा चेंडू, पहिल्याच चेंडूवर पायचीत. वर लिहिलं होतं तोच तो चेंडू. मालिकेतल्या चार डावांत मिळून पन्नास धावाही झाल्या नाहीत. जुलैमध्ये गॉलला एक कसोटी मिळाली, ती शेवटची. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत शिकागोच्या संघातून मायनर लीग क्रिकेट खेळायला गेला.

36 व्या वर्षी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, आणि ज्याच्या फलंदाजीत आधी सरकणं आहे त्याला त्याची किंमत जास्त द्यावी लागते. मी त्या निवड समितीला दोष देत नाही. पुनरागमनाची गोष्ट सांगताना लोक संयमाचं फळ वगैरे म्हणतात, त्याचा मला त्रास होतो. 24 ते 34 ही वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत.

आज 2017 आणि 2018 मधली अबूधाबीची दोन स्कोअरकार्ड्स शेजारी शेजारी ठेवली. युनूस-मिसबाह गेल्यानंतरची पहिली कसोटी, श्रीलंकेविरुद्ध. लक्ष्य 136, सर्वबाद 114, 21 धावांनी हार. रंगना हेराथने उद्ध्वस्त केलं. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध लक्ष्य 176, सर्वबाद 171, चार धावांनी हार. तिथे पहिलीच कसोटी खेळणाऱ्या एजाज पटेलने पाच गडी घेतले, तोच आपल्या मुंबईत जन्मलेला एजाज, ज्याने पुढे वानखेडेवर डावातले दहाही गडी घेतले. अझहर अली 65 धावा करून एका बाजूला शेवटपर्यंत थांबला होता आणि पायचीत झालेला शेवटचा गडी तोच.

हेराथ आणि एजाज दोघंही डावखुरे फिरकी गोलंदाज. उजव्या फलंदाजाच्या बॅटची कड शोधत बाहेर जाणारा त्यांचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजासाठी आत येतो. हारिस सोहेल संघात होता, तोही डावखुरा. त्याच्याबरोबर पाचव्या क्रमांकावर आणखी एक डावखुरा, चौथ्या डावात तासन् तास चेंडू सोडू शकणारा, घाई न करणारा, तेव्हा पाकिस्तानकडे होता. त्या दोन्ही दिवशी तो संघात नव्हता. 21 धावा आणि 4 धावा.