मूठ शून्यावर, इंजिन २२०० वर

इंजिन पूर्ण तापलेलं, गाडी न्यूट्रलमध्ये, मूठ (ॲक्सिलरेटर) सोडलेली, आणि मीटरवर २२०० आरपीएम. माझ्या ट्विन सिलिंडर मोटरसायकलचं गरम आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, १३०० च्या आसपास असायला हवं. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ रेस जास्त राहते, ते ठरवूनच दिलेलं असतं. पण इथे तापमान वर गेलं तरी रेस उतरत नव्हती. पहिल्या गिअरमध्ये मूठ न पिळताही गाडी पुढे ओढायची. गर्दीत क्लच अर्धा धरून चालवायचं म्हणजे हाताला शिक्षा, आणि इंजिन ब्रेकिंग (मूठ सोडली की इंजिनानेच गाडी हळू होणं) तर जवळजवळ गायबच. चेक इंजिनचा दिवा मात्र बंद.

कार्ब्युरेटरच्या गाडीला असं झालं असतं तर आधी केबलचा ताण पाहिला असता, मग आयडलचा स्क्रू. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत. मुठीपाशी फक्त सेन्सर आहे. मूठ किती पिळली हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि इंजिनला हवा देणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. झडप फिरवणारी मोटर त्याच्याच हाताखाली. (सगळ्याच गाड्यांत केबल गेलेली नाही. यामाहाने २००६ च्या आर-सिक्सला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला तेव्हा मुठीपासून सेन्सरपर्यंत केबल ठेवलीच होती. अशा गाडीत केबल अडकते का, हे आधी पाहावं.) आयडलसाठीही झडपेची जागा ईसीयूच हलवत राहतो. त्यामुळे ‘स्लो जरा कमी करून द्या’ या वाक्याला इथे अर्थ उरत नाही.

गॅरेजमध्ये दोन उपाय सुचवले गेले: ईसीयू रीसेट आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. रीसेट करून पाहिला. थोडं अंतर चालवेपर्यंत रेस पुन्हा होती तिथे. सफाईला मी नको म्हणालो. झडपेच्या कडेला काजळी साचली की आयडल डळमळतं, गाडी बंद पडते. रेस कायम ९०० आरपीएमने जास्त राहण्याचं कारण ते सहसा नसतं. शिवाय बऱ्याच थ्रॉटल बॉडींना आतून पातळ लेप असतो, तो कडक ब्रशने खरवडला की झडप आणि भिंत यांतली फट वाढते. आणि चावी सुरू असताना झडप बोटाने ढकलणं तर नकोच. मोटरच्या मागे बारीक दातांची गिअरं असतात.

मला आधी एकच गोष्ट ठरवायची होती. ईसीयू स्वतःच २२०० मागतोय, की मागतोय १३०० आणि रेस खाली आणणं त्याला जमत नाहीये? पहिलं असेल तर त्याला कुणीतरी चुकीची माहिती देतंय. दुसरं असेल तर दोष तारांत नाही, हवेत आहे.

ईसीयूचे आकडे फोनवरच्या ॲपमध्ये दाखवणारा ब्लूटूथचा डोंगल आणि गाडीच्या सॉकेटला बसणारी जोडकेबल मिळवली. फॉल्ट कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेला बिघाड, एकही नव्हता. पण माझं काम कोडचं नव्हतंच, मला चालू इंजिनचे आकडे हवे होते.

पहिला आकडा मुठीचा. सोडलेली असताना ०, हळूहळू पिळली की सलग वर, सोडली की परत ०. हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहिलं, मुठीजवळची वायर हलवून पाहिली. आकडा जागचा हलला नाही. या सेन्सरमध्ये दोन स्वतंत्र सिग्नल असतात आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर दिवा लागतो आणि गाडी लंगडत घरी नेण्यापुरती चालते. मोटरचा करंट तुटला तरी स्प्रिंग झडपेला थोडी उघडी धरते, म्हणून तेव्हाही रेस जास्त राहते. पण मग मूठ पिळून काही होत नाही. माझी मूठ ठणठणीत होती.

पुढे कूलंटचं तापमान. यावर माझा सर्वांत जास्त संशय होता. हा सेन्सर तुटला तर ईसीयूला लगेच कळतं, कारण आकडा उणे ४० सारखा अशक्य दिसतो. खरा त्रास तो थोडासाच बिघडला तर होतो: इंजिन ९० अंशांवर असताना त्याने ४० सांगितले तर ईसीयू थंड इंजिन समजून रेस वाढवून ठेवतो आणि कोड टाकत नाही. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चावी फिरवताच कूलंटचा आणि आत जाणाऱ्या हवेचा आकडा शेजारी शेजारी पाहिला. थंड गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, आणि तसे होते. मग इंजिन सुरू केलं; आकडा सावकाश चढत ९२ ला पोहोचला, कुठे उडी नाही. सेन्सर संशयातून सुटला.

आता मुद्द्याचा आकडा. ॲपमध्ये ‘अपेक्षित आयडल’ अशी एक ओळ होती, तिथे १३००. प्रत्यक्षात २२००. झडपेचा कोन ईसीयूने खाली, अगदी कमीत कमी मर्यादेपर्यंत आणून ठेवलेला. इग्निशनचं टायमिंगही नेहमीपेक्षा बरंच मागे ओढलेलं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकून ताकद मारायचाही त्याचा प्रयत्न चालू होता. बिचारा दोन्ही हातांनी ब्रेक दाबून बसला होता आणि आम्ही त्यालाच रीसेट करत होतो.

झडप बंद आणि इंजिन तरी पळतंय, तर हवा झडपेला वळसा घालून येतेय. आणि ज्या गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधल्या (झडपेपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या वाटेतल्या) दाबावरून पेट्रोल ठरवतो, तिथे ही चोरटी हवा फुकट जात नाही. आतला दाब वाढलेला दिसतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि रेस चढते. माझ्या गाडीत दोन्ही सिलिंडरना वेगळे प्रेशर सेन्सर आहेत, हे नशीब. आयडलला डाव्याचा दाब उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त होता. शोधायची जागा निम्मी झाली.

टाकी वर उचलून टेकू दिला. गळती शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम सायलेन्सरच्या इतक्या जवळ ज्वलनशील फवारा मारायची माझी तयारी नव्हती. साध्या पाण्याची स्प्रे बाटली घेतली, कनेक्टर प्लास्टिकने झाकले आणि इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर बारीक फवारा मारत गेलो. फटीवर पाणी बसलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. धुराची चाचणी याहून खात्रीची, पण त्याला यंत्र लागतं.

थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी बूटवर आधी. काही नाही. क्लॅम्प घट्ट. प्रेशर सेन्सरच्या होजवर, काही नाही. मग डाव्या थ्रॉटल बॉडीच्या खालच्या अंगाला, जिथे बाटलीचं नाकच काय ते पोहोचत होतं, तिथे फवारा गेला आणि रेस दोनएकशेने पडून परत चढली. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

तिथे एक छोटी पितळी नळी आहे. दोन्ही सिलिंडरचा व्हॅक्यूम जुळवताना गेज लावायची. एरवी तिच्यावर रबरी टोपी असते. टोपी होती, जागेवर होती, तिच्यावरची स्प्रिंगची कडीही होती. बाहेर काढून उजेडात पाहिली तरी शाबूत दिसली. दोन बोटांत चिमटीत दाबली तेव्हा बुडाशी चीर उघडली, केसाएवढी, जवळजवळ अर्धा घेर. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होऊन फाटलं होतं. थंड असताना रबर आवळलेलं राहत असावं, कारण सकाळी पहिल्या काही मिनिटांत त्रास कमी वाटायचा.

नवी टोपी बसवली, गाडी सुरू केली आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हे मला अपेक्षितच होतं, आणि खरं सांगायचं तर आनंदच झाला. इतके दिवस ईसीयू आयडलसाठी झडप जवळजवळ मिटूनच ठेवायला शिकला होता. फुकटची हवा बंद झाल्यावर तेवढ्या फटीवर इंजिन जगेना. रीसेटची खरी वेळ आत्ता आली. शिकलेले आकडे पुसले, मग मॅन्युअलमध्ये दिलं होतं तसं चावी सुरू, इंजिन बंद आणि मुठीला हात न लावता थांबलो. थ्रॉटलच्या मोटरची बारीक गुणगुण ऐकू येते तेव्हा झडप आपली टोकं तपासत असते. नंतर मूठ न पिळता इंजिन सुरू करून पंखा लागेपर्यंत तसंच चालू दिलं. ही कृती प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, दुसऱ्या गाडीची उचलून चालत नाही. बॅटरी मात्र चार्ज असावी. व्होल्टेज पडलं तर हे शिकणं अर्धवट राहू शकतं.

रेस १३०० वर आली, पंखा लागला तेव्हा किंचित डुगडुगली आणि सावरली. टायमिंग जागेवर, दोन्ही सिलिंडरचा दाब सारखा, झडपेचा कोन किमान मर्यादेच्या बराच वर. हे आकडे वहीत उतरवून ठेवले, कारण मॅन्युअलमध्ये झडपेचा कोन दिलेलाच नाही. उजव्या बाजूची टोपी दाबून पाहिली तर शाबूत होती. पण वय तिचंही तेच, म्हणून तीही बदलली.